वाऱ्याचा वाटा

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि शब्दही साधेच सुचतात. पण ही गोष्ट आमच्या हिवरमाळात लहान-थोर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जशी ऐकली तशीच लिहितो.

फार वर्षं झाली. पारावरच्या वडाला तेव्हा एक पारंबीसुद्धा फुटली नव्हती. हिवरमाळ म्हणजे चारी बाजूंनी उघडा माळ, आडोसा कशाचाच नाही. चैत्र-वैशाखात तिथं अशी वावटळ यायची, की ढगातून हत्तीची सोंड उतरावी आणि जमीन हुंगत चालावी. ती सोंड छपरं उचलायची, शेरडं उचलायची. एकदा तिनं बैलगाडी उचलून ओढ्यापलीकडे ठेवली, असं म्हणतात.

त्या गावात ठकूबाई राहायची. तिचं काम उपणणीचं. खळ्यावर उंच तिवईवर उभं राहायचं, डोक्यावरून सूप धरायचं आणि मळलेली ज्वारी हळूहळू खाली सोडायची. दाणे पायाशी पडतात, कोंडा वारा घेऊन जातो. वारा पडला की ती शीळ घालायची आणि म्हणायची, "ये बाबा. कोंडा तुझा, दाणे माझे." आणि वारा यायचा, असं म्हणतात. दुसऱ्या गावचे लोक चिडवायचे, "ठकूबाई, वाऱ्याला जेवायला वाढतेस, मग आम्हाला का नाही?" ती म्हणायची, "तुम्ही दाणे मागता रे. तो कोंड्यावर खूश असतो."

तिचा मुलगा मेंढरं घेऊन लांब गेला होता. घरी सून, गजरा. तिचे दिवस भरत आले होते. दोन लेकरं आधी हाती लागली नव्हती, म्हणून ठकूबाई तिला उंबऱ्याबाहेरचं काम करू देत नव्हती.

त्या चैत्रात पीक असं आलं होतं, की खळ्यावर ज्वारीच्या राशीआड माणूस दिसेना. पेवं उघडून, कडुनिंबाचा धूर देऊन वारं खायला ठेवली होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार, तोंडाशी अरुंद आणि आत घरासारखं ऐसपैस. दुसऱ्या दिवशी त्यांत धान्य भरायचं होतं.

दुपार कलली आणि वारा एकदम पडला. ठकूबाईनं शीळ घातली. पान हललं नाही. तिनं पश्चिमेला बघितलं तर आभाळ जांभळं झालेलं, आणि त्यातून सोंड खाली येत होती.

सगळं गाव पाट्या घेऊन धावलं. ज्याला त्याला एकच घाई, रास पेवात गेली पाहिजे. ठकूबाई तिवईवरून उतरली आणि मोठ्या पेवाच्या तोंडावर आडवी उभी राहिली.

"आधी माणसं आत."

दादा पाटील म्हणाले, "बाई, शुद्धीवर आहेस का? पेवात पाय ठेवत नाहीत. लक्ष्मी असते तिथं."

"लक्ष्मी बाहेर उभी आहे, पाटील. पोटुशी आहे."

"आणि धान्य गेलं तर? गाव उपाशी मरेल."

"उपाशी मरायलासुद्धा आधी जगावं लागतं."

पाटलांनी गजराकडे पाहिलं. मग हातातली पाटी खाली ठेवली आणि स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढली. तिची झोळी करून गजराला अलगद आत सोडलं. मागून म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे उतरले. पाटील शेवटी उतरताना म्हणाले, "चल, ठकूबाई."

"तुम्ही व्हा पुढं. आजवर मी त्याला बोलावलं. आज त्याचा वाटा कोण देणार?"

तिनं पेवाच्या तोंडावर फळी सरकवली, वर दगड ठेवला. मग सूप घेतलं आणि तिवईवर चढली.

वर काय झालं ते कुणी पाहिलं नाही. आतल्यांना नुसती घरघर ऐकू आली, जशी शंभर जाती एकदम फिरावीत. त्या आवाजात ठकूबाईचा शांत आवाज येत होता, "हे घे. हेही घे. छप्पर घे. तेवढे दाणे ठेव." आणि त्याच अंधारात गजराच्या लेकीनं पहिला टाहो फोडला. तो ऐकू आला आणि वरची घरघर थांबली, असं म्हणतात.

लोक फळी रेटून वर आले तेव्हा गावात एकही छप्पर नव्हतं. पण खळ्यावर रास तशीच होती, आणि तिच्यात औषधालाही कोंडा सापडेना. इतकी स्वच्छ ज्वारी कुणी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. तिवई उभी होती. ठकूबाई नव्हती.

कुणी म्हणतं, वाऱ्यानं तिला नेलं. गजरा म्हणायची, "सासूबाई दाणा होत्या. वारा दाण्याला हात लावत नाही. कुठंतरी पडल्या असतील आणि उगवल्या असतील."

आजही हिवरमाळात मोठं पेव कुणी भरत नाही. बाकीची भरतात, ते मात्र चैत्र लागला की उघडून ठेवतात. आभाळ जांभळं झालं की पोटुशी बाई आधी उतरते, मग बाकीचे. परगावचा कुणी विचारतो, एवढं पेव रिकामं कशाला? तर म्हातारी माणसं सांगतात, "ठकूबाईचं आहे."

काल संध्याकाळी पश्चिमेला तसंच आभाळ आलं होतं, पण बाजूनं गेलं. त्यावरून ही गोष्ट लिहायला बसलो. आज सकाळी खराटा घेऊन पेवात उतरलो. आत कुणीतरी आधीच झाडून गेलं होतं. तरी मी पुन्हा एकदा झाडलं.