फातिमाच्या वाटेची तालीम

वसईच्या किनारपट्टीत एक गाव होतं आणि तिथे कैतान डाबरे नावाचा एक बागायतदार राहत होता. माणूस कष्टाळू, भाविक, बायकोवर जीव टाकणारा. खोड एकच होती. एखादी गोष्ट मनात घेतली की त्याला आजूबाजूचं काही दिसेनासं व्हायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आमच्याही घरी असा एक आहे. असेल. पण पुढे ऐका.

कैतानची बायको रेमेदी. माडीच्या जिन्यावरून पडल्यापासून तिचा उजवा पाय अधू झाला होता. डॉक्टर झाले, तेलं झाली, मालीश करणारे झाले. पाय काही सुधारेना. शेवटी कैतान नवस बोलला. रेमेदीला पोर्तुगालला न्यायचं, तिथल्या फातिमा गावच्या मारियामातेसमोर उभं करायचं आणि तिथे मेणाचा पाय अर्पण करायचा. बायको पुन्हा नीट चालावी, एवढंच त्याला हवं होतं.

गावातले आणखी काही भाविक बरोबर यायला तयार झाले. मग काय विचारता! कैतान त्यांचा पुढारी झाला. ओटीवर बैठका सुरू झाल्या. फातिमा तर होतीच, पण इतक्या लांब जाऊन नाझारेची माता बघायची नाही? ब्रागाच्या डोंगरावरचं देऊळ सोडायचं? मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कुठे ऐकायची, भात कुठे मिळेल, सुक्या मासळीचं लोणचं विमानात नेऊ देतात का, यावर तासन्‌तास खल चाले. रेमेदी आतून चहा पाठवत राहायची. तिला कुणी काही विचारत नव्हतं. यात्रा तिच्यासाठीच होती ना, मग तिला काय विचारायचं!

अशात कुणीतरी सांगितलं की तिकडचे भाविक फातिमाला मैलोन्‌मैल पायी जातात. झालं. आपणही शेवटचा टप्पा चालायचा, असं कैतानने ठरवून टाकलं. चालायचं तर सराव हवा, म्हणून दर शनिवारी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चपासून समुद्राकाठच्या क्रूसापर्यंत रोझरी म्हणत जायची तालीम सुरू झाली. अधू पायाची बाई हे सगळं चालणार कशी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. रेमेदीने एकदा हळूच सुचवलं की मी रिक्षाने येते. कैतान म्हणाला, नवस तुझ्यासाठी आणि तूच गाडीत बसणार? ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

त्या गावात रोझरीची एक जुनी रीत होती. एक रहस्य, म्हणजे जपमाळेतली दहा मण्यांची एक फेरी, सुरू झालं की ते संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. चुलीवर दूध उतू चाललं तरी बायका नुसती हाताने खूण करायच्या. रीत चांगलीच होती, पण कैतानने तिला आपलं शेपूट जोडलं. परक्या मुलखात विकणारे आडवे येतील, कुणी हाका मारतील, चित्त ढळेल. म्हणून प्रार्थना चालू असताना मागून हाक आली तरी वळून बघायचं नाही. लोकांची परीक्षा घ्यायला तो मुद्दाम कुणाला तरी मागून ओरडायला लावायचा. जो वळेल त्याने पुन्हा चर्चपासून निघायचं. लोकांना हे भारी आवडलं. न वळण्याची जणू शर्यतच लागली.

त्या शनिवारी रात्रभर दव पडलं होतं. वाट बावखलाच्या काठाने जाते. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, वाड्यांना पाणी पुरवणारं. काठ अरुंद आणि शेवाळलेला. कैतान हातात झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे. रेमेदी सगळ्यांच्या मागे, तिच्या पुढे शेजारीण इस्तेर. तिसरं रहस्य चालू होतं. रेमेदीचा पाय घसरला आणि ती पाण्यात गेली.

तिने हाक मारली. "अहो, थांबा!" मग इस्तेरला मारली. मग पुन्हा नवऱ्याला. आणि पुढची रांग काय करत होती, सांगू? 'नमो मरिये' आणखी मोठ्याने म्हणत होती.

रांग क्रूसापाशी पोहोचली. एकही माणूस वळला नव्हता. कैतानला कोण आनंद झाला! त्याने सगळ्यांची पाठ थोपटली, तिथेच उभं राहून पुढच्या शनिवारचे बेत झाले, आणि मंडळी आपापल्या वाटेने पांगली. रांगेचं शेपूट आलं की नाही, हे त्याने बघितलंसुद्धा नाही. रेमेदी कंटाळून घरी गेली असेल, असं तो धरून चालला.

घरी मागच्या दाराच्या पायरीवर रेमेदी बसली होती. केस चिखलाने चिकटलेले, ओठ निळे पडलेले. काठच्या केवड्याला धरून ती कशीबशी वर आली होती. काट्यांनी तळहात फाटले होते.

कुठे पडलीस, असं कैतानने विचारलं. ती म्हणाली, बावखलात, तिसऱ्या रहस्याला.

"मग हाक नाही का मारायची?"

"मारली."

कैतान तिच्याजवळ पायरीवर बसला. मग तो म्हणाला, "ऐकली होती मी. तुझाच आवाज, तेही कळलं होतं. पण मी वळलो असतो तर सगळ्यांसमोर माझाच नियम मोडला असता."

अरे देवा! माझ्या तर हे सांगतानाही अंगावर काटा येतो. बायको पाण्यात गटांगळ्या खातेय आणि नवऱ्याला काळजी नियमाची!

ही गोष्ट चर्चच्या फादरांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर त्यांनी सगळ्या यात्रेकरूंना थांबवून घेतलं. त्यांना वाटत होतं, लाटांच्या आवाजात हाक विरून गेली असेल. म्हणून त्यांनी एवढंच विचारलं की कालची हाक कुणाला ऐकू आली होती. आधी इस्तेरने रडत हात वर केला. मग तिच्या पुढच्याने. मग त्याच्या पुढच्याने. बघता बघता सगळ्या रांगेचे हात वर गेले आणि शेवटी कैतानचा गेला.

बोलली ती रेमेदी. ती रागावली नव्हती, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"माझा पाय बरा नाही झाला तरी चालेल, मी लंगडत जाईन," ती म्हणाली. "पण परत कधी बुडायची वेळ आली, तर तुमच्यातल्या कुणाला हाक मारू, तेवढं सांगा."

त्या वर्षी त्या गावातून पोर्तुगालला कुणी गेलं नाही.

तात्पर्य: ज्याच्यासाठी नवस बोललात, त्याचीच हाक कानाआड केलीत तर देवाच्या दारी जाऊन तुम्ही करणार काय? माणूस हाक मारतो तेव्हा आधी वळून बघा. अर्धी राहिलेली प्रार्थना नंतर पुरी करता येते.