अंगणातले दोन खड्डे

कुणीतरी न बघता ‘ठीक’ असे लिहिले आहे. कोणत्या कागदावर, ते मी सांगत नाही. ज्याने लिहिले त्याला ते ठाऊक आहे. माणसाच्या हातून चूक होते, ती मला समजते. न बघता ‘बघितले’ म्हणणे याला मात्र मी विश्वासघात म्हणतो, आणि तो आपण इतक्या सवयीने करतो की सही करताना हातही थबकत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एकदा गाड्या दुरुस्त करणारा एक वृद्ध मिस्त्री राहत असे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेली एक तरुणी त्याच्यापाशी काम शिकत होती. शेजारच्या आरोग्य केंद्राची फोर-व्हील जीप तिने आठवडाभर खपून दुरुस्त केली होती. त्या सकाळी वरच्या धनगरवाड्यावरून एक म्हातारी चालत खाली आली. तिच्या सुनेचे दिवस भरले होते आणि तिला आजच केंद्रात आणायचे होते. वाटेत ओढा होता, ओढ्यात खड्डा होता.

“केवढा खड्डा, मावशी?” मिस्त्रीने विचारले.

म्हातारीने मांडीवर हात ठेवला. “हितवर.”

शिष्येने तपासणीची यादी पुढे केली. तीत तिने ‘डिफरेन्शियल लॉक : ठीक’ असे लिहिले होते. मिस्त्रीने ते वाचले, फावडे उचलले आणि केंद्राचा ड्रायव्हर इलाही याला हाताशी घेऊन अंगणात मांडीइतके खोल दोन खड्डे खणले.

“आता पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ह्यांत पाड.”

“चांगली गाडी खड्ड्यात घालायचा पगार घेतो होय मी?” इलाही पुटपुटला. पण त्याने घातली. जीप तिरकी झाली; दोन चाके जमिनीवर, दोन अधांतरी.

शिष्या संतापली. “काका, तिकडं ती बाई वाट बघतेय. मी काल सहा किलोमीटर चालवून बघितली गाडी. लॉकचं बटण दाबलं की दिवा लागतो. अजून काय बघायचं?”

मिस्त्रीने मागच्या डाव्या, जमिनीवर टेकलेल्या चाकावर खडूने एक रेघ ओढली. “हिच्याकडं बघ. इलाही, लॉक लाव.”

दिवा लागला. इंजिन गुरगुरले. अधांतरी चाके वेड्यासारखी फिरली. खडूची रेघ जागची हलली नाही.

“आमच्याकडं पन खड्डा हाय की,” म्हातारी म्हणाली. “हितं कशापायी रुतवली?”

शिष्या वाकून खडूची रेघ पुन्हा बघू लागली.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, “सपाट रस्त्यावर लॉकला कामच नसतं गं. एक चाक सुटलं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडं पळते, आणि ज्याच्याखाली जमीन आहे ते उपाशी राहतं. लॉक दोघांना एकत्र बांधतं, तेव्हा टेकलेलं चाक गाडी बाहेर काढतं. आता दिव्याची वायर कुठून येते, ते बघून ये.”

फळ्या घालून त्यांनी गाडी बाहेर घेतली. शिष्या गाडीखाली शिरली आणि बऱ्याच वेळाने, हात काळे करून, बाहेर आली. “दिवा नुसता बटणाला जोडलाय, काका. लॉककडं जाणारी वायर सडून तुटलीय.”

“म्हणजे दिवा खोटं बोलला नाही. बटण दाबलं, एवढंच तो सांगत होता. पुढचं तू तुझ्या मनानं ऐकलंस. हे ओढ्यात कळलं असतं, तर त्याला तपासणी म्हणता आलं नसतं. म्हणून ओढा आधी अंगणात आणायचा.”

तिने नवी वायर घातली. या वेळी तीच इलाहीला म्हणाली, “पाडा खड्ड्यात.”

लॉक लागले. खडूची रेघ थरथरली, सावकाश खाली गेली, पलीकडून वर आली. जीपने एक हिसका दिला आणि ती दोन्ही खड्ड्यांतून बाहेर आली. शिष्येला हसू आले. मिस्त्रीने अंगणात एक वळण घ्यायला लावून लॉक नीट सुटते का, तेही पाहून घेतले. न सुटलेले लॉक वळणावर गाडीशीच भांडते.

मग तिने यादीतला ‘ठीक’ खोडला आणि त्याजागी लिहिले : ‘खड्ड्यात घालून पाहिले.’

इलाहीने दार उघडले. म्हातारी आत बसली, पदर सावरला, अंगणातल्या त्या खड्ड्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “आमचा गुडघ्याच्या खालीच हाय, मिस्त्री. मी जरा वाढवून सांगितला व्हता.”