कोष्ट्याचा नियम

एका डोंगरी राज्यात दोन कड्यांमधली दरी इतकी खोल होती की लोक पलीकडे उडत्या पाळण्यातून जात. वर शेगडीने तापवलेल्या हवेचा कापडी फुगा, खाली वेताचा पाळणा आणि दोन्हींना जोडणारे चार दोर. या पाळण्यांवर देखरेख ठेवायला राजाने सुरक्षा कचेरी उघडली होती. तिचा मुख्य तपासनीस नेकीचा माणूस होता.

कचेरीची एक रीत होती. पाळणा पडून कोणी दगावले की वहीत एक नवा नियम चढे आणि त्याला गेलेल्या माणसावरून नाव मिळे. पहिला कोष्ट्याचा नियम, मग कुंभारणीचा, मग दोघा भावांचा. असे करता करता नियम तीनशे बारा झाले. इतके कोणाच्याच ध्यानात राहत नाहीत, हे तपासनिसाला कळत होते. पण एखादा खोडायला लेखणी उचलली की त्या माणसाचे घर त्याच्या डोळ्यांपुढे येई. तो लेखणी खाली ठेवी आणि नियम सांभाळायला आणखी एक कारकून नेमी. अशी सतरा मेजे झाली.

एके दिवशी कोष्ट्याची विधवा कचेरीत आली. पलीकडे तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. सकाळपासून सतरा मेजे फिरून तिला दुपारी परवाना मिळाला. पाळण्याजवळ गेल्यावर मात्र ती आत चढेना. तिने एक दोर दोन्ही हातांनी धरला आणि त्याला लोंबकळली.

"मावशी, पाळणा आहे हा. झाडाचा झोका नव्हे," एक कारकून म्हणाला. बाकीचे हसले.

तेवढ्यात दोराचे पीळ सुटले आणि तो तुटून तिच्या हातात आला.

तपासनीस तिथेच उभा होता. त्याने परवाना मागवला. 'दोर ओढून पाहिला' या ओळीपुढे तीन कारकुनांचे तीन शिक्के होते.

"कोणी ओढला?" त्याने विचारले.

"मी दोराचा कागद आला का ते बघतो, साहेब," पहिला म्हणाला.

"मी त्याच्यावरची तारीख बघतो," दुसरा म्हणाला.

"आणि मी या दोघांच्या सह्या जुळवतो," तिसरा म्हणाला.

"मग दोर?"

"कोणीतरी ओढतच असेल की, साहेब. एवढे जण आहोत आपण," तिसराच म्हणाला.

विधवेने तुटका दोर तपासनिसाच्या हातात दिला. "दोर हाताने ओढून बघावा, एवढाच माझ्या नवऱ्याचा नियम होता. तुम्ही त्याचं नाव जपलंत. ओढायचं तेवढं राहिलं."

तपासनीस खाली बघत म्हणाला, "नियम खोडले तर ती माणसं विसरल्यासारखं होईल, असं वाटायचं मला."

"माझ्या माणसाला आठवायला मला तुमची वही लागते होय? ते राहू द्या. मला पलीकडे पोचवा आधी."

तपासनिसाने अंगरखा काढून ठेवला आणि एकेक दोर स्वतः ओढला. दुसरा पाळणाही बाद झाला. तिसऱ्याचे चारही दोर टिकले. त्यातून ती गेली आणि नातू जन्मायच्या आत पोचली.

पुढचे दोन महिने तपासनीस घरोघर फिरला. तुमच्या माणसाच्या नियमाने नेमके काय सांभाळायचे होते, एवढेच तो विचारी. उत्तरे फिरून फिरून चारच निघाली: दोर, कापड, शेगडी आणि वारा. त्याने तेवढे चारच नियम ठेवले. प्रत्येकासाठी एक माणूस नेमला. त्याने आपल्या हाताने तपासायचे आणि खाली आपलेच नाव लिहायचे.

एक म्हातारा मात्र ऐकेना. पाळण्यात तांबडे पागोटे घालू नये, हा त्याच्या मुलाचा नियम होता. पडला तेव्हा मुलाच्या डोक्याला तांबडे पागोटे होते. तपासनिसाने त्याची समजूत घालून पाहिली आणि शेवटी तो नियम खोडला. म्हातारा त्याच्याशी बोलेनासा झाला. तरी तपासनीस दर महिन्याला त्याच्या ओट्यावर जाऊन घटकाभर बसून येई.

त्या वर्षी दरीत एकही पाळणा पडला नाही. वहीत नव्या माणसाचे नाव लिहायची वेळ आली नाही.

तात्पर्य इतकेच: नियम जपायचा म्हणजे त्यात सांगितलेले काम कोणीतरी आपल्या हाताने करायचे, शिक्के वाढवत गेले की ते काम कोणाचेच राहत नाही.