परत न आलेली ताटं

सांगतो, पण मधेमधे खोकायचं नाही आणि "मग काय झालं" म्हणून घाई करायची नाही. कंबर धरलीय, घसा बसलाय, तरी या घरात म्हाताऱ्याला कुणी गप्प बसू देत नाही. मी शाळेत फार गेलो नाही. गोष्ट येते तशी सांगेन.

फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका गावात एक म्हातारा एकटाच राहायचा.

त्या गावात नाताळ जवळ आला की घरोघरी भट्ट्या पेटायच्या. ताडी घालून पीठ आंबवायचं, पाव भाजायचे. रवा, नारळ, अंडी घालून केक करायचा, वर-खाली निखारे ठेवून. मग ताटात घालून, वर रुमाल टाकून शेजारी पाठवायचा. आणि गावाची एक रीत होती. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही. काहीतरी घालायचंच, मूठभर तांदूळ का असेनात.

म्हाताऱ्याची बायको होती तोवर ताटं जायची, ताटं यायची. आणणारी माणसं ओटीवर टेकायची, घटकाभर बोलायची. मग बायको गेली. तिची सहा पितळी ताटं तेवढी राहिली.

म्हातारा हट्टी. म्हणाला, तिच्याहून चांगलं करून दाखवीन. आणि दाखवलं बरं का. अंड्याच्या पांढऱ्यात साखर खलायची, कागदाचा कोन वळायचा आणि त्यातून पिळायची. केकावर वेली, चांदण्या, चर्चची घंटा, आणि बिटाच्या रसात रंगवलेले गुलाब. एकेका गुलाबाला अर्धा दिवस.

पहिल्या नाताळात सहा ताटं गेली आणि सहाही परत आली. दुसऱ्या नाताळात सहा गेली, एकही आलं नाही.

म्हातारा दार उघडं ठेवून बसला. सण सरला, आंब्याला मोहोर आला, पाऊस येऊन गेला. कुणी फिरकलं नाही. रस्त्यात माणसं भेटली तर खाली बघून जायची. म्हातारा मनात म्हणायचा, चोर सगळे. मेलेल्या बाईची ताटं दाबून बसलेत.

तिसरा नाताळ आला. पाठवायला ताट नव्हतं. तरी त्यानं एक केक केला, सजवला, समोर ठेवला आणि बघत बसला. खायला दुसरं माणूस नसलं की केकाला चव नसते. दुपारी तो उठला, पहार घेतली. भट्टी मोडायची आणि विषय संपवायचा, असं ठरलं. पण त्याआधी ताटं मागून आणायची.

शेजारी जाळी विणणारी एक बाई होती. तिच्या दारात तो उभा राहिला.

"माझं ताट दे. केक खाल्लात तर खाल्लात, ताटही खाल्लंत?"

"या काका, बसा."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं ऐका." बाईनं फळीवरून ताट काढलं. चिंचेनं घासून लख्ख केलेलं. "वर्षभर घासतेय. यात घालू काय, तेवढं सांगा."

"काहीही घाल. रीत आहे."

"काहीही? पहिल्या वर्षी त्या टोकाच्या घरातल्या मावशीनं तुमच्या ताटात उकडलेली रताळी घालून आणली. तुम्ही काय म्हणालात?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणालात, माझ्या गुलाबांच्या बदल्यात रताळी? मी काय डुकरं पाळलीत? अंगणात उभं राहून म्हणालात. आम्ही विहिरीवर होतो, सगळ्या हसलो. मावशी नाही हसली."

"अगं, गंमत केली."

"तुमची गंमत झाली, काका. तिचं ते रात्रीचं जेवण होतं."

म्हाताऱ्यानं हातातली पहार भिंतीला टेकवून ठेवली.

"पुढच्या वर्षी तुमची ताटं आली आणि आम्हाला घाम फुटला," बाई म्हणाली. "रिकामं द्यावं तर रीत मोडते. भरून द्यावं तर तुम्ही हसणार. म्हणून राहिली ताटं फळीवर."

म्हातारा तसाच वळला आणि टोकाच्या घराकडे चालू लागला.

"काका, तिकडे कुठं? ती पावसाळ्यातच वारली."

ऐकलं त्यानं, तरी गेला. दाराला कुलूप. खिडकीची एक फळी निखळली होती, तिथून त्यानं आत पाहिलं. चुलीशेजारी त्याचं ताट होतं. ताटात पिठाचं काहीतरी वळून ठेवलेलं, वाळून दगड झालेलं. नीट पाहिलं तेव्हा कळलं. मावशी गुलाब करायला बसली होती. एक पाकळी, दुसरी पाकळी, तिसरी वाकडी, आणि पुढे जमलं नसावं.

गावाच्या एका टोकाला तो एकटा जेवत होता, दुसऱ्या टोकाला ती. मधे फक्त एक ताट अडकलं होतं.

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि कुलपाची माफी मागितली. कुलूप काय बोलणार?

भट्टी त्यानं मोडली नाही. घरोघरी जाऊन म्हणाला, "चूक माझी. असेल ते घाला." पाच ताटं आली. कुणी ओंजळभर शेंगा घातल्या, कुणी सुका बोंबील. त्यानं सगळं खाल्लं. पण माणसांची बसायची सवय मोडली होती. ताट ठेवायची आणि उभ्याउभ्या निघायची. जाळीवाली तेवढी थोडी टेकायची. सहावं ताट कधीच आलं नाही.

तात्पर्य एवढंच, की आपलं देणं कितीही गोड असो, समोरच्याच्या हातातलं हसण्यावारी नेलं की आपल्या दारात कुणी येत नाही.

लहानमोठ्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा. आणि म्हातारा निदान कुलपापाशी तरी गेला. मी अजून जिवंत आहे, माझ्या दाराला कुलूपही नाही, तरी माझ्या घरच्या ताटाला हसून वर माफी मागायलाही ज्याचे पाय इकडे वळत नाहीत, त्या वरच्या आळीच्या सांताननं तर जास्तच ध्यानात ठेवावं.