"डक" म्हणणाऱ्याला हजर करा!

महाराज पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले आणि मैदानाच्या कडेला केळं सोलत बसलेले बार्लोसाहेब आनंदानं ओरडले, "डक!"

"काय म्हणाला हा?" महाराजांनी बॅट खांद्यावर टाकून विचारलं.

तांबुळवाडीच्या दिवाणांना इंग्रजी येत होतं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "बदक म्हणाले, सरकार."

"बदक? आम्ही?"

झालं! मैदानावरच दरबार भरला. दरबारातले मानकरी सगळे म्हातारे. तांबुळवाडीची रीतच तशी. वयानं मोठा, त्याला पहिला मान! पहिला विडा त्याचा, पहिलं आसन त्याचं आणि पहिलं बोलणंही त्याचंच. डोक्यात काही असो वा नसो!

"हा शब्द आला कुठून?" महाराज गरजले.

"मूळ संस्कृत," त्र्यंबकशास्त्री डोळे मिटून म्हणाले. "दक्ष! साहेबाच्या जिभेला 'क्ष' झेपला नाही, एवढंच."

"छे छे, डाक!" सरदार भुइंगळे मिशी पिळत म्हणाले. "पूर्वी बदकं टपाल न्यायची. मी स्वतः पाहिलंय!"

"बदकं टपाल न्यायची?"

"लहान पत्रं, सरकार."

राजवैद्यांनी बराच वेळ विचार केल्याचं सोंग केलं. "शब्दाचं मूळ मला ठाऊक नाही, पण उतारा ठाऊक आहे. रस्सा! अपमान करणारा पक्षी शिजवून खाल्ला की अपमान पचतो."

महाराजांना हे फार पटलं. "ऐका! हा शब्द ज्यानं पहिल्यांदा तोंडातून काढला, त्याला सूर्य मावळायच्या आत माझ्यापुढे हजर करा! नाहीतर तळ्यातली सगळी बदकं मुदपाकखान्यात!"

मानकऱ्यांनी लाळ गिळली. शोधायला जागचं कुणीच उठलं नाही. उठतील कशाला? बसून राहिलं की ताटात रस्सा!

मैदानाला लागूनच असलेल्या तळ्याच्या काठावर, गुडघाभर चिखलात, ठकू हे सगळं ऐकत उभी होती. भोयाची पोर. बदकं राजाच्या तळ्यातली असली, तरी पिल्लापासून वाढवलेली तिनं, आणि चूल पेटायची ती त्यांच्या अंड्यांवर. उद्यापासून काय चिखल विकायचा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच, पायाचा चिखल न धुता, भर दरबारात शिरली.

"दिवानजी, समद्यांनी अक्कल पाजळली. त्या साहेबाला कुनी इचारलं का?"

सगळ्यांच्या माना साहेबाकडे वळल्या. साहेब तिथंच बसला होता, दुसरं केळं खात! त्याला विचारायचं एकाही पांढऱ्या केसाला सुचलं नव्हतं.

दिवाणांनी विचारलं. साहेब खुलून सांगू लागला आणि दिवाण मराठीत सांगत गेले. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ बुडी मारणं. पाण्यात मुंडी घालतो तो पक्षी, म्हणून डक. खेळात शून्य धावा झाल्या की फळ्यावर जे शून्य काढतात, ते बदकाच्या अंड्यासारखं दिसतं, म्हणून तोही डक. आणि विलायतेत काही गावांत भाजीवाली गिऱ्हाइकाला लाडानं डक म्हणते!

"लाड पुरे!" महाराज म्हणाले. "पहिल्यांदा म्हणालं कोण?"

"ते कुणाला ठाऊक! हजारेक वर्षं झाली म्हणतात, सरकार."

ठकूनं टाळी वाजवली. "घावला की मग!"

"कोण?"

"नाव न्हाई ठावं म्हाराज, पर पत्ता घावला." तिनं बोट आभाळाकडे केलं. "हजार वर्सं झाली म्हंजी वरच गेला असंल."

"मग बोलाव त्याला!"

"बोलावते की! सरकारी खलिता द्या. पर खलिता न्यायचा पयला मान कुनाचा?"

"अर्थात माझा!" शास्त्रीबुवा सवयीनं छाती काढून उठले. "पंचाहत्तरावं चालू आहे मला! माझ्याआधी कोण..." आणि मग त्यांची नजर ठकूच्या बोटावरून हळूहळू वर गेली.

"निघा मग, आजोबा. पानी पिऊन निघा, वाट लांबची हाय."

"म्हणजे, पंचाहत्तर चांद्रमानानं," शास्त्रीबुवा खाली बसत म्हणाले. "सौरमानानं पन्नाससुद्धा नाहीत. भुइंगळे मोठे!"

"मी?" सरदार ओरडले. "अहो, मी यांच्या मांडीवर खेळलोय! ही मिशी पिकलेली नाही, पीठ सांडलंय!"

"माझी तर अक्कलदाढ यायचीय अजून," राजवैद्य कळवळून म्हणाले. त्यांच्या तोंडात मुळात एकच दात होता.

महाराजांना हसू येत होतं, पण ते हट्टाचे पक्के. "पोरी, हे तरुण असोत की म्हातारे, हुकूम माझा आहे. खलिता गेला नाही तर बदकं गेली!"

"हुकूम कोन मोडतंय, म्हाराज? मानकरी नडले तर ज्याचा शिक्का त्यानंच खलिता न्यायचा, अशीबी रीत हाय न्हवं?"

"आहे, सरकार," दिवाण जमिनीकडे बघत पुटपुटले.

शिक्क्याची अंगठी महाराजांच्याच बोटात होती. त्यांनी अंगठीकडे पाहिलं. मग आभाळाकडे. साहेबाचं केळंही हातातच राहिलं.

"आणि परत यायची वाट?" महाराजांनी हळूच विचारलं.

"त्ये इचारायचं ऱ्हायलं बघा," ठकू म्हणाली. "तुमी जाऊन या, मंग आमाला सांगा!"

आणि मग महाराज असे फुटले की विचारू नका! पोट धरून हसले, गवतावर लोळून हसले, फेटा सुटून तळ्याकडे घरंगळत गेला तरी हसतच होते.

"हुकूम रद्द! बदकं तुझी, तळं तुझं, वर काठाची जमीन तुला इनाम!" त्यांनी डोळे पुसले आणि मानकऱ्यांकडे वळून पाहिलं. "आणि हे तीन तरणेबांड गडीही घेऊन जा, ठकू. बदकांना चिखलातल्या गोगलगायी वेचून घालायला उद्यापासून तुझ्याकडे कामाला!"