विकतच्या पायवाटा

फार जुनी गोष्ट आहे, रस्त्यांवर पाट्या नव्हत्या तेव्हाची. एका राज्यात तिठ्यावरच्या चिंचेवर एक साळुंकी राहायची. वाटसरूने विचारावे, "चांगलं तेल कुठे मिळेल?" आणि तिने घर सांगावे. ज्याच्या दाराशी जास्त पायवाटा जात, त्याचे नाव ती आधी घ्यायची. उंचावरून तिला सगळ्या दिसत.

माळाच्या कडेला एक तेली होता. तेल अस्सल, पण दाराशी पायवाट एकच, तीही वडिलांच्या वेळची. साळुंकी त्याचे नाव शेवटी घेई. घाण्याचा बैल निम्मा दिवस बसून राही. असेच चालले तर बैल विकावा लागेल, या घोराने तेल्याची झोप उडाली.

मग त्याने डोके चालवले. धनगराला पैसे देऊन त्याची मेंढरे चारी दिशांनी दारापर्यंत फिरवली. माळावर वाटांचे जाळे झाले. साळुंकी त्याचे नाव पहिले घेऊ लागली आणि अंगणात पाय ठेवायला जागा उरेना.

एके दिवशी गिऱ्हाईक एकाएकी थांबले. तेली तिठ्यावर धावला.

"साळुंकीबाई, माझं काय चुकलं?"

"रीत बदलली, बाबा. खुरांनी पडलेल्या वाटा आता मी धरत नाही."

एवढेच ना? तेल्याने मजुरीने माणसे लावली. ती रोज यायची, जायची. थोडे दिवस बरे गेले, आणि पुन्हा अंगण ओस.

"आता गं काय?"

"तुझ्याकडून माणसं रिकाम्या हातांनी परततात. तसल्या वाटाही सोडल्या."

"पण काल तर धरत होतीस!"

"काल फसत होते," साळुंकी म्हणाली आणि पंख साफ करू लागली.

तेल्याला काही उमजेना. वाटा वाढवाव्यात की कमी कराव्यात? खरी चूक कोणती, कालची की आजची? वैतागून त्याने सगळा माळ नांगरून टाकला. नांगर फिरल्यावर आठवले, त्यातच वडिलांच्या वेळची वाटही होती. ती नेमकी कुठून जायची, हे आता त्यालाही सांगता येईना. वर थकलेल्या मजुरीसाठी मजूर दारात बसलेले. शेवटी बैल बाजारात गेला.

एका सकाळी ढेकळे तुडवत एक म्हातारी आली. हातात रिकामी बुधली. तेली स्वतःच घाणा ओढत होता.

"बैल कुठाय रे?"

"वाटांपायी गेला, मावशी. पण वाट मोडली असताना तुम्ही आलात कशा?"

"तुझ्या दारची बाभूळ नजरेत धरून सरळ आले. माझा गुडघा तुझ्याच तेलानं वळतो. मेल्या, मधे तुझ्या त्या नव्या वाटांत दोनदा चुकले आणि तशीच घरी परतले!"

तेल्याने मान खाली घातली. त्याने बुधली काठोकाठ भरून दिली. म्हातारी गेली, तशी नांगरटीत तिची पावले उमटत गेली. तेली कितीतरी वेळ त्या पावलांकडे बघत राहिला, मग पुन्हा घाण्याला लागला.

तात्पर्य: वाट विकत घेता येते, पण गिऱ्हाईक पुन्हा येते ते मालाच्या गुणानेच.