देसायांच्या अंगणातली काळी ओळ

केगदवळीच्या देसायांच्या बागेत शिरलं की जांभ्याचं लालसर अंगण लागतं. त्यात फाटकापासून तुळशीपर्यंत काळ्या दगडांची एकच ओळ आहे. मंडळी, तिच्यावर पाय देऊ नका. आम्ही गाववाले पिढ्यान्‌पिढ्या बाजूनेच जातो.

असं सांगतात, की विसाजी देसायांना आल्यागेल्याने तोंडात बोट घालावं असं फरसबंद अंगण हवं होतं. मार्गशीर्षात घाटावरून नमुने आले. त्यातला घोटून चकचकीत केलेला काळा दगड विसाजींनी जोड्याने ठोकून पसंत केला. दाराआडून सून शेवंती म्हणाली, "मामंजीनू, जांभोच बरो. काळो फातर उन्हान तापता."

"अंगणाचा मी बघतंय. तू चुलीचा बघ," विसाजी म्हणाले.

अंगण काळ्या दगडाने फरसबंद झालं. चैत्रात शेवंतीचा नवरा मोठ्या दुखण्यातून उठला आणि तिचा नवस फेडायची वेळ आली. भर दुपारी देवीचा कळस डोक्यावर घेऊन फाटकापासून तुळशीपर्यंत अनवाणी जायचं, थांबायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही.

विसाजी आंब्याच्या सावलीत पाहुण्यांकडून अंगणाचं कौतुक ऐकत बसले होते. कळस हिंदकळू नये म्हणून सून संथ चालत होती. काय डौल आहे पोरीचा, असं त्यांना वाटलं म्हणे! तिने तुळशीपाशी कळस टेकवला आणि ती कोसळली. तेव्हा त्यांचं लक्ष दगडांकडे गेलं. पावलं उमटली होती, ओली आणि लाल.

 विसाजींनी जोडे भिरकावून दगडावर पाय ठेवला आणि बोंब मारून मागे उडी घेतली. ज्यावर आपल्याला क्षणभर उभं राहवेना, त्यावरून ही पोर अख्खी वाट चालून आली! 

"गो, वरडाक काय झालेला तुका?" ते रडतच म्हणाले.

"सांगितलेलंय मा, मामंजीनू," ती पुटपुटली. "फातर आणूच्या आधीच."

विसाजींनी सगळं अंगण उखडून जांभा घातला. तिच्या पावलांखालचे दगड काढायला मात्र एकही गडी धजला नाही.

आजही केगदवळीत अंगणाचा दगड चैत्रातल्या दुपारीच निवडतात. घरधनी नमुन्यावर अनवाणी उभा राहतो आणि पसंती सून सांगते. नवसाचा कळस घेणाऱ्या बाईला आता मौन नसतं. दोन्ही अंगांनी बाया चालतात आणि पावलागणिक विचारतात, "भाजता गो?" ती हो म्हणाली, की नवस तिथेच फिटला.